गरज कोणाची, चाचणी कोणाची?

झांबियाची राजधानी लुसाका येथील विद्यापीठ रुग्णालयात शंभर बालकांवर झालेल्या एका औषधचाचणीचा अहवाल २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही सर्व बालके अतिसाराने आजारी होती आणि त्या सर्वांच्या आतड्यांत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परोपजीवी जंतू आढळला होता. त्यांपैकी पन्नास जणांना एचआयव्हीची बाधा नव्हती, पन्नास जणांना होती. दोन्ही गटांतील सुमारे निम्म्या मुलांना नायटॅझोक्सानाइड हे नवे औषध तीन दिवस देण्यात आले. उरलेल्यांना दिसायला तसेच, पण औषधाचा अंश नसलेले द्रव्य, म्हणजे प्लासिबो. बाधा नसलेल्या मुलांपैकी ज्यांची नोंद पूर्ण झाली त्यांत औषध मिळालेल्या २५ पैकी १४ जणांचा अतिसार थांबला, प्लासिबो मिळालेल्या २२ पैकी केवळ ५ जणांचा. आठव्या दिवसापर्यंत प्लासिबोच्या गटातील ४ मुले दगावली होती, औषधाच्या गटातील एकही नाही. एचआयव्हीबाधित मुलांना मात्र औषधाचा लाभ झाल्याचे दिसले नाही. पुढे लुसाकातच बाधित मुलांना मात्रा वाढवून, अधिक दिवस औषध देऊन पुन्हा चाचणी घेण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्षही निराळा नव्हता.

ज्याला औषधाची निकड सर्वांत अधिक, त्यालाच ते लागू पडू नये, हा निसर्गाचा क्रूरपणा वाटेल. त्यात शरीरशास्त्राचा भाग आहेच. निरोगी माणसाला क्रिप्टोस्पोरिडियमची बाधा झाली तर तो एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. औषध त्याच्या प्रतिकारशक्तीला हातभार लावते, इतकेच. एचआयव्हीने ती शक्तीच खच्ची केलेली असली म्हणजे हात कोणाला द्यावयाचा, हाच प्रश्न उरतो. अशा रुग्णाच्या शरीरातून दिवसाला कित्येक लिटर पाणी जाते, अन्न अंगी लागत नाही, आणि महिनोन्‌महिने झिजत तो मरतो. पण सारा दोष निसर्गावर टाकून मोकळे होता येणार नाही. या रोगावर कोणती औषधे तपासली गेली, किती रुग्णांवर, कधी आणि कोणाच्या पैशाने, हे पाहू लागले की निसर्गाइतकीच माणसाने उभारलेली अर्थव्यवस्थाही या कथेत दिसू लागते.

क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू १९०७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ टायझर यांनी उंदरांत प्रथम पाहिला. माणसात तो आढळला १९७६ साली. मध्यंतरीची सत्तर वर्षे तो पशुवैद्यकाचा विषय होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एड्स झालेल्या २१ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना या जंतूमुळे न थांबणारा अतिसार जडला होता आणि डॉक्टरांनी देऊन पाहिलेल्या औषधांतील एकही खात्रीने लागू पडत नव्हते. १९९३ च्या वसंतात मिलवॉकी या अमेरिकन शहराच्या नळाच्या पाण्यातून हाच जंतू घरोघर पोहोचला. क्लोरीनने तो मरत नाही, आणि गाळणयंत्रणेने दगा दिला. सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज करण्यात आला. निरोगी माणसे उठून कामाला लागली. जे मेले त्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते. एकच पाणी, एकच जंतू. पण मृत्यूने निवड केली ती दुबळ्यांची.

त्या काळात अमेरिकेतील डॉक्टर अशा रुग्णांना पॅरोमोमायसिन हे जुने प्रतिजैविक देत असत. काहींना बरे वाटे, म्हणून ते सर्वांना दिले जाई. सरकारी अर्थसाहाय्याने चालणाऱ्या एड्स-चाचण्यांच्या जाळ्यामार्फत या औषधाची प्लासिबोशी रीतसर तुलना झाली ती अवघ्या ३५ रुग्णांवर. २००० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: प्लासिबोपेक्षा हे औषध सरस असल्याचे दिसत नाही. प्लासिबोचे नाव काढताच ज्यांना संताप येतो त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. अतिसार कधी वाढतो, कधी आपणहून ओसरतो. त्या चढउताराचे श्रेय हाती असलेल्या औषधाला मिळून जाते. ज्या देशांत रुग्ण औषधाचे पैसे स्वतःच्या खिशातून देतो तेथे अशा निरुपयोगी औषधाची किंमत त्याला घरातील भांडीकुंडी विकून चुकवावी लागते. म्हणून काटेकोर चाचणी ही श्रीमंतांची चैन नव्हे. ते गरिबाचे संरक्षण आहे.

मग अशा चाचण्या झाल्या किती? प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांतील क्रिप्टोस्पोरिडियमवरील उपचारांचा आढावा २००७ साली कॉक्रेन या संस्थेच्या पद्धतीने घेण्यात आला. आढाव्याच्या कसोटीला उतरणाऱ्या जगभरातील चाचण्या होत्या ७, आणि त्यांतील रुग्णांची एकूण संख्या होती १६९. एड्सचा उदय होऊन पंचवीस वर्षे लोटल्यानंतरची ही जमा आहे. तुलनेसाठी दुसरा आकडा घ्यावा. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एकाच औषधाच्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, एकाच स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ रुग्ण होते. त्या चाचणीने अनेकांचे प्राण वाचविले, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एका बाजूला ४,४४४ आणि दुसऱ्या बाजूला सगळे मिळून १६९, या विषमतेचा खुलासा विज्ञान करू शकत नाही. तो अर्थशास्त्राकडेच मागितला पाहिजे.

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्रयशक्तीचे पाठबळ असलेली गरज म्हणजे मागणी. ज्या गरजेमागे पैसा नाही तिची बाजारात नोंदच होत नाही. हृदयविकाराचा धनिक रुग्ण वीस-तीस वर्षे रोज एक गोळी विकत घेतो. लुसाकातील कुपोषित, एचआयव्हीबाधित बालक काहीच विकत घेत नाही. १९९६ पर्यंत न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को येथेही माणसे या अतिसाराने मरत होती, तोवर औषधाचा शोध निदान रेंगाळत का होईना चालू होता. त्या वर्षी एचआयव्हीवरील तीन औषधांची एकत्रित योजना आली. ती घेणाऱ्या रुग्णांची प्रतिकारशक्ती सुधारली आणि त्यांच्या आतड्यांतील क्रिप्टोस्पोरिडियम व मायक्रोस्पोरिडिया हे जंतू वेगळ्या औषधावाचून हटले, असे सिडनीच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिले. ही आनंदाचीच गोष्ट होती. पण श्रीमंत देशांतील रुग्ण बरे होताच त्या देशांपुरता प्रश्न संपला, आणि प्रश्नाबरोबर शोधाची निकडही संपली. आफ्रिकेतील रुग्ण होते तेथेच राहिले.

मायक्रोस्पोरिडियाची गोष्ट याहून बोलकी आहे. या सूक्ष्म जंतूंच्या एका प्रकारावर अल्बेंडाझोल हे जंतांचे स्वस्त औषध चालते. पण एड्सच्या रुग्णांत अधिक आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारावर ते फारसे चालत नाही. त्या दुसऱ्या प्रकारावर फ्रान्समधील डॉक्टरांनी फ्युमॅजिलिन वापरून पाहिले. हे औषध मधमाश्या पाळणाऱ्यांना परिचित आहे, कारण मधमाश्यांच्या अशाच एका रोगावर ते दिले जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ रुग्ण होते: औषध मिळालेल्या सहाही जणांच्या आतड्यांतून जंतू नाहीसे झाले, प्लासिबो मिळालेल्या सहांपैकी एकाच्याही नाहीत. रक्तातील बिंबिका घटण्याचा दुष्परिणाम दिसला, म्हणजे पुढील संशोधनाची आवश्यकता होती. तरीही हे औषध बहुतेक देशांत आतड्यांच्या रोगासाठी माणसाला मिळत नाही. मधमाशीच्या पाठीशी मधाचा बाजार उभा आहे. या रुग्णाच्या पाठीशी कोणताच बाजार नाही.

याच कथेची दुसरी बाजू आशादायक आहे, आणि ती घडली आहे पृथ्वीवरील अत्यंत दरिद्री देशांत. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे १९८२ साली ‘गेस्किओ’ हे केंद्र स्थापन झाले. तेथील डॉ. जाँ विल्यम पाप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली नोंदविले की, त्यांनी पाहिलेल्या १३१ एड्सरुग्णांपैकी १५ टक्क्यांच्या आतड्यांत आयसोस्पोरा हा जंतू होता. लक्षणे पाहून हा अतिसार आणि क्रिप्टोस्पोरिडियमचा अतिसार यांत फरक करता येत नाही. उपचारात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कोट्रायमोक्साझोल ही साधी, जुनी, पेटंटच्या बंधनातून मुक्त गोळी दिली की आयसोस्पोराचा रुग्ण काही दिवसांत बरा होतो. पण औषध थांबले की रोग उलटतो. म्हणून याच चमूने पुढची पायरी घेतली आणि हीच गोळी थोड्या मात्रेत चालू ठेवल्यास रोगाचा पुनरुद्भव टळतो, हे १९८९ साली सिद्ध केले. ज्यांना सल्फायुक्त औषध सोसत नाही त्यांच्यासाठी सिप्रोफ्लोक्सासिन चालेल काय, हा प्रश्नही त्यांनी हाती घेतला. आयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरा यांच्या ४२ एचआयव्हीबाधित रुग्णांवरील ती चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली: कोट्रायमोक्साझोल सरस, पण दुसरे औषधही बहुतेकांना उपयोगी. हे प्रश्न कोणत्याही कंपनीच्या नफ्याच्या हिशेबातून निघणे शक्य नव्हते. ते रुग्णाच्या खाटेशेजारी सुचलेले प्रश्न होते.

ज्या लुसाकाने नायटॅझोक्सानाइडचे अपयश पाहिले त्याच लुसाकाने या स्वस्त गोळीचे सामर्थ्यही पाहिले. एचआयव्हीबाधित मुलांना कोट्रायमोक्साझोल रोज द्यावे, असा तात्पुरता सल्ला संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक यंत्रणेने २००० साली दिला होता. परंतु झांबियात अनेक रोगजंतू या औषधाला दाद देईनासे झाले होते, त्यामुळे तेथे त्याचा उपयोग होईल की नाही याविषयी शंका होती. ब्रिटिश सरकारच्या विकासनिधीतून ५४१ मुलांवर चाचणी सुरू झाली. औषध मिळालेल्यांत २८ टक्के मुले मरण पावली, प्लासिबोच्या गटात ४२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की स्वतंत्र देखरेख समितीच्या सल्ल्याने चाचणी २००३ साली मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. सल्ला उपलब्ध असताना प्लासिबो देणे योग्य होते काय, हा प्रश्न टोचणारा आहे आणि तो टोचलाच पाहिजे. तथापि शंका खरी होती, देखरेख खरी होती, आणि उत्तर मिळताच चाचणी थांबली. त्या उत्तराने आफ्रिकेतील असंख्य मुलांना ही गोळी मिळण्याचा मार्ग मोकळा केला. चाचणीची नीती केवळ प्लासिबो आहे की नाही यावर ठरत नाही. मिळालेले ज्ञान कोणाच्या पदरात पडते, यावरही ठरते.

नकारार्थी निष्कर्षांचे मोलही येथेच ध्यानात येते. पोटातील जंत काढले तर एचआयव्हीची वाटचाल मंदावेल, अशी आशा अनेकांना होती. केनियातील ९४८ बाधित प्रौढांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ती फोल ठरविली. सरसकट जंतनाशक दिल्याने एचआयव्हीचा वेग कमी झाला नाही. उलट प्रगत अवस्थेत उपचाराला आलेल्या १,८०५ रुग्णांवर युगांडा, झिंबाब्वे, मलावी आणि केनिया येथे झालेली, २०१७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. एचआयव्हीच्या औषधांबरोबर सुरुवातीच्या बारा आठवड्यांत काही जुन्या, स्वस्त औषधांचा संच दिला गेला. अल्बेंडाझोलची एक मात्राही त्यात होती. चोवीस आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण १२.२ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आले. एकटे औषध जे करू शकले नाही ते योग्य रुग्णाला, योग्य वेळी दिलेल्या संचाने केले. क्रिप्टोस्पोरिडियमवरील शोध अजून अपुराच आहे. मूळ कुष्ठरोगावरील क्लोफाझिमिन हे औषध मलावीत एचआयव्हीबाधित प्रौढांवर तपासण्यात आले. त्याचा लाभ दिसला नाही, असे २०२१ साली जाहीर झाले. अतिसाराने पोखरलेल्या आतड्यांतून औषध रक्तात पुरेसे उतरत नव्हते. म्हणजे यापुढील औषध निरोगी माणसात किती शोषले जाते हे पाहून भागणार नाही; आजारी आतड्यांतच त्याची परीक्षा घ्यावी लागेल.

नफ्याची प्रेरणा नसेल तर औषधे शोधणार कोण, असा आक्षेप यावर घेतला जातो. नायटॅझोक्सानाइड एका खाजगी कंपनीनेच पुढे आणले आणि त्याने झांबियातील मुले वाचविली, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. परंतु खुद्द एचआयव्हीच्या औषधांचा अनुभव काय सांगतो? तीन औषधांच्या योजनेचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर असताना मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये स्वयंसेवी डॉक्टरांच्या संघटनेला तीच योजना ३५० डॉलरमध्ये देऊ केली. ही उदारता एका उद्योजकाची खरी, पण तिला कायद्याने वाव दिला होता. औषधाच्या रेणूवर मक्तेदारी न देता केवळ कृतीवर पेटंट देणारा १९७० चा भारतीय कायदा तेव्हा अस्तित्वात होता. तो २००५ साली जागतिक व्यापार कराराच्या रेट्याने बदलण्यात आला. क्रिप्टोस्पोरिडियमवर आजवरचे सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे परत मिळालेली प्रतिकारशक्ती, आणि ती गरिबाला परवडली ती मक्तेदारी मोडल्यामुळे. बाजार उपयोगाचा ठरला, पण समाजाने त्याला घातलेल्या मर्यादेत.

गरीब देशांतील रुग्णांना प्रयोगाचे उंदीर बनवू नका, ही दुसऱ्या टोकाची घोषणाही अपुरी आहे. माहिती न देता, नुकसानभरपाई न देता चाचण्या घेणे हा गुन्हाच आहे. त्याविरुद्ध आपल्या देशात न्यायालयीन लढे झाले आणि २०१९ च्या नव्या नियमांत चाचणीत इजा झालेल्याला मोफत उपचार व भरपाईचा हक्क नोंदविला गेला. पण गरिबांच्या रोगांवर चाचण्याच न होणे हाही अन्यायच आहे, आणि त्याविरुद्ध दाद कोठेच मागता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत एका फटक्यात स्थगित केली, तेव्हा गरीब देशांतील अनेक चालू चाचण्या मध्येच थांबल्या. ज्यांनी विश्वासाने आपले शरीर पुढे केले होते त्यांना वाऱ्यावर सोडण्यात आले. परक्याच्या दयेवर उभारलेले विज्ञान परक्याच्या लहरीबरोबर कोसळते, हा यातील धडा आहे.

भारताने तो घेतला पाहिजे. येथे १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि पंधरा लाखांहून अधिक लोक ती घेत आहेत. पुण्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, एड्सच्या संशोधनासाठी १९९२ साली स्थापन झालेली संस्था आहे. रुग्ण आहेत, डॉक्टर आहेत, औषधे बनविणारे कारखाने आहेत. उणीव आहे ती सार्वजनिक पैशाने रुग्णाचा प्रश्न विचारण्याच्या संकल्पाची. प्रगत अवस्थेत येणाऱ्या, दीर्घ अतिसाराने खंगलेल्या रुग्णांवरील चाचण्या सरकारी रुग्णालयांच्या जाळ्यातून, सरकारच्या खर्चाने व्हाव्यात. औषध गुणकारी ठरले तर चाचणीत भाग घेतलेल्यांना ते मोफत मिळत राहावे, आणि त्याचे पेटंट कोणाच्याही तिजोरीत जाऊ नये. प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध व्हावेत.

हे होईपर्यंत एक गोष्ट मात्र थांबता कामा नये. नेहमीच्या मलतपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम आणि आयसोस्पोरा सहसा दिसत नाहीत. त्यासाठी विशेष रंगक्रिया करावी लागते. ती क्षयाच्या जंतूंसाठी थुंकी तपासताना वापरतात त्याच रंगक्रियेचा किंचित बदललेला प्रकार आहे. म्हणजे जेथे जेथे क्षयाची सूक्ष्मदर्शक तपासणी होते तेथे ती अल्प खर्चात होऊ शकते. ती झाली नाही तर काही पैशांच्या गोळीने बरा होणारा आयसोस्पोराचा रुग्ण असाध्य समजून घरी पाठविला जातो. त्याच्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. हैतीच्या डॉक्टरांनी त्याचे उत्तर १९८९ सालीच देऊन ठेवले आहे. उत्तर ठाऊक असूनही ते रुग्णापर्यंत पोहोचत नसेल, तर त्या मृत्यूचा दोष जंतूवर ढकलता येणार नाही.